पत्र्याला आतून थर्माकोल चिकटवण्याबद्दल
‘छपराच्या पत्र्याला आतून थर्माकोल चिकटवा, उकाडा कमी होईल’ असं एकाने सुचवलंय. उकाड्यापुरतं ते बरोबर आहे, पण कोकणात खरा त्रास पहाटेचा. निरभ्र रात्री पत्रा आपली उष्णता आभाळाकडे सोडून भोवतालच्या हवेपेक्षाही गार पडतो. पावसाळा सरतानाची दमट हवा थर्माकोलच्या सांध्यांतून मागे शिरली की तिचं पाणी होतं, आणि ते दिसत नाही म्हणून जास्त घातक. रत्नागिरीकडे आमच्या आंब्याच्या शेडमध्ये थर्माकोलचा एक तुकडा सोलून पाहिला, तर प्रत्येक स्क्रूभोवती गंजाचं तांबूस कडं आणि मुंग्यांनी पोखरलेला पांढरा भुगा. शिवाय साधं थर्माकोल चटकन पेटतं. वर वायरिंग असेल तर नकोच.

त्यापेक्षा फॉइलची बबल शीट (हवेच्या फुग्यांची, चकचकीत फॉइल चढवलेली शीट) लावा, मात्र पत्र्याला टेकवून अजिबात नाही! तापलेल्या पत्र्याकडून येणारी किरणं परतवणं हे फॉइलचं काम. ते पत्र्याला टेकलं की उष्णता सरळ आत उतरते. पर्लिनच्या (पत्रा ज्यावर ठोकतात त्या आडव्या पट्ट्यांच्या) खालून बसवली तर इंच-दोन इंच पोकळी आयती मिळते. फार ताणू नका, बोटभर ढील ठेवा, म्हणजे पोकळीत हवा फिरते आणि पहाटेचे थेंब शीटवरून ओघळत वळचणीकडे जातात. आढ्याला आणि वळचणीला फट हवीच, उंदरांसाठी तिथे बारीक जाळी मारा. बजेट अगदीच कमी असेल तर आधी पत्र्याला वरून ऊन परतवणारा पांढरा कूल रूफ रंग द्या, बाकीचं पुढच्या उन्हाळ्यात केलं तरी चालेल.