मदत हवी आहे: पुढचं स्प्रॉकेट बदलल्यावर स्पीडोमीटर पुढे पळतोय, करेक्टर बसवला तर ओडोमीटरचं काय?

नमस्कार मंडळी,

माझ्या मोटारसायकलला पुढे १५ दातांचं स्प्रॉकेट (चेन फिरवणारं दातेरी चाक) होतं, ते काढून १४ दातांचं बसवलंय. मागचं ४५ चंच आहे. चढावर गाडी आता झकास ओढते, पण मीटर फारच पुढे पळतोय. मोकळ्या, सपाट रस्त्यावर एका वेगात गाडी धरून जीपीएसशी ताडून पाहिलं. मीटरवर १०० असताना खरा वेग ८८-८९ भरतो. आधी तो ९५ असायचा.

मुळातला ५ चा फरक समजण्यासारखा आहे. मीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी आकडा दाखवू नये असा नियम बऱ्याच देशांत आहे, त्यामुळे कंपन्या तो थोडा चढाच ठेवतात. बाकीची वाढ स्प्रॉकेटची. वेगाचा सेन्सर गिअरबॉक्सच्या आउटपुट शाफ्टवर (ज्यावर पुढचं स्प्रॉकेट बसतं) आहे, चाकावर नाही. चाकाच्या एका फेरीला शाफ्ट आधी ३ वेळा फिरायचा, आता ३.२१ वेळा फिरतो. तेवढ्या पल्स (सेन्सरचे विजेचे ठोके) मीटरकडे जास्त जातात.

स्पीडोहीलरसारखा करेक्टर घ्यायचं ठरवलंय. तो सेन्सर आणि मीटरच्या मध्ये बसतो आणि पल्सची फ्रिक्वेन्सी आपण दिलेल्या टक्क्याने बदलून पुढे पाठवतो. सेन्सरच्या कनेक्टरला तीनच वायरी आहेत: पॉझिटिव्ह, अर्थ आणि सिग्नल.

घोडं अडलंय ते टक्क्यावर. जीपीएसशी जुळवायचं तर साधारण ११ टक्के कमी करावे लागतील. पण किलोमीटरही त्याच पल्सवर मोजले जातात, आणि स्प्रॉकेट बदलण्याआधी ओडोमीटर (एकूण किलोमीटरचा आकडा) रस्त्यावरच्या किलोमीटरच्या दगडांशी बरोबर जुळायचा. म्हणजे ११ टक्के कापले की तो ५ टक्के मागे पडणार. ऑइल, चेन, मायलेज सगळं त्या आकड्यावर चालतं. शिवाय पुढे गाडी विकताना घेणाऱ्याला कमी किलोमीटर दाखवणं मला अजिबात पटत नाही.

दुसरी शंका गिअर इंडिकेटरची, म्हणजे कितवा गिअर पडलाय ते दाखवणाऱ्या आकड्याची. करेक्टरमुळे त्याचा आकडा चुकतो का? कुणी स्वतः बसवला असेल तर जरूर सांगा.

प्रतिसाद:

६.७ टक्केच कमी करा. १४ भागिले १५ म्हणजे ०.९३३, एवढाच हिशेब. ओडोमीटर पूर्वीसारखा बरोबर चालेल आणि वेग कंपनीच्या मूळ फरकाने जास्त दिसेल. तो फरक राहू द्या. माझ्या मते ओडोमीटर खरा असणं जास्त महत्त्वाचं, वेगासाठी जीपीएस आहेच.

गिअर इंडिकेटर गिअरबॉक्समधल्या स्विचवर चालत असेल तर काही होणार नाही. काही गाड्यांत ईसीयू (इंजिनचा कंट्रोल कॉम्प्युटर) आरपीएम (इंजिनचे मिनिटाला फेरे) आणि वेग यांच्या गुणोत्तरावरून गिअर ओळखतो. तिथे ईसीयूकडे मूळ सिग्नलच जाऊ द्या आणि करेक्टर फक्त मीटरकडे जाणाऱ्या वायरीत घाला. मात्र मीटरला वेग थेट सेन्सरकडून न मिळता कॅन बसवरून (ईसीयू, मीटर वगैरेंना जोडणारी डेटा लाइन) मिळत असेल तर ते जमणार नाही, करेक्टर सेन्सरपाशीच लावावा लागेल. त्यामुळे वायरिंग डायग्रॅम बघितल्याशिवाय एकही वायर कापू नका.

एबीएसचे सेन्सर चाकांवर वेगळे असतात, त्यांना हात लावायची गरज नाही. कनेक्टर सीटखाली कोरड्या जागी बांधा. पाणी शिरलं की मीटर चालत्या गाडीत शून्यावर येतो. बसवल्यावर जीपीएसवर ९५ धरून बघा, मीटरवर १०० दिसले की सेटिंग बरोबर.