मिनी डाळमिलचा व्यवसाय आराखडा: बँकेसाठी नेमके काय लिहावे?

प्रश्न (दारव्हा तालुका, यवतमाळ):
गावात तुरीची मिनी डाळमिल सुरू करण्याचा माझा विचार आहे. बँकेने आराखडा मागितला असून, यंत्राच्या दरपत्रकापलीकडे त्यात काय असावे, हे कृपया सांगावे.

उत्तर १ (अकोला):
यंत्राची किंमत हा आराखड्याचा सर्वांत सोपा भाग आहे. खरी कसोटी खेळत्या भांडवलाची. तूर बाजारात येते मुख्यतः डिसेंबर ते मार्चमध्ये, डाळ मात्र वर्षभर विकावी लागते, त्यामुळे हंगामात किती क्विंटल तूर कोणत्या भावाने घेणार आणि तो पैसा किती महिने अडकून राहणार, हे महिनावार मांडावे. क्विंटलमागे साधारण 70 ते 75 किलो डाळ धरावी. चुरी व टरफले पशुखाद्य म्हणून विकली जातात, तेही उत्पन्नात दाखवावे. भारनियमनाचे तास वजा करूनच रोजची क्षमता लिहावी (कागदावरची मिल कधीच बंद पडत नाही!).

उत्तर २ (वाशीम):
प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजनेत प्रकल्प खर्चाच्या 35 टक्के, कमाल 10 लाख रुपये अनुदान आहे. स्वतःचा वाटा किमान 10 टक्के लागतो. परंतु अनुदान कर्जाशी संलग्न असल्याने (म्हणजे ते रोख हाती न येता कर्जात वळते होत असल्याने) ते नफ्यात धरू नये.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. शेतकऱ्यांची तूर मजुरीवर भरडून दिल्यास भांडवल कमी लागेल का?

उत्तर १:
निश्चितच. पहिले वर्ष तसेच दाखवावे.