विषय: कार्पेटचं मशीन आज मिळेल का?? अर्जंट

प्रेषक: बंडू
शुक्रवार, सायं. 5:40

मंडळी, मंडळाचं कार्पेटचं मशीन सध्या कोणाकडे आहे? आज रात्री मिळालं तर उद्या दुपारी आणून देतो. नव्या घराची चावी आज हातात आली, आत गेलो तर किचनच्या खालच्या कपाटांत उंदराच्या लेंड्या, ओव्हन पुढे ओढला तर मागे थरच साचलाय, बेडरूममध्ये कार्पेटवर भिंतीच्या कडेकडेने त्याच, आणि बाथरूममध्ये गटाराचा वास. एजंट म्हणे 'प्रोफेशनल क्लीनिंग' करून दिलंय. सामानाचा ट्रक उद्या सकाळी येतोय, जुनं घर रविवारी सोडायचंय आणि पोरगी रांगती, त्यामुळे आज रात्रीच सगळं झाडून, व्हॅक्यूम करून, वरून मशीन फिरवून मोकळं व्हायचा बेत आहे. फोटो जोडलेत.

—

प्रेषक: सचिव
शुक्रवार, सायं. 5:58

लिस्टवर फोटो जात नाहीत. हे दर दोन महिन्यांनी सांगावं लागतं.

मशीन माझ्या गॅरेजमध्ये आहे. पण घरगुती वापरासाठी देणं मागच्या मीटिंगपासून बंद केलेलं आहे, मिनिट्समध्ये आहे. कारण सर्वांना माहीत आहे, पुन्हा उगाळत नाही.

—

प्रेषक: नाना
शुक्रवार, सायं. 6:05

> कारण सर्वांना माहीत आहे, पुन्हा उगाळत नाही

उगाळत नाही म्हणून उगाळलंतच. मशीन वर्गणीतून आलंय, सचिवांच्या गॅरेजमधून नाही. टाकी न धुता परत केली ती एका कुटुंबाने, शिक्षा अख्ख्या मंडळाला. बंडू, तू सरळ जा आणि घेऊन ये, बघू कोण अडवतं.

—

प्रेषक: माई
शुक्रवार, सायं. 6:11

बंडू, झाडू खाली ठेव आधी! आणि व्हॅक्यूम तर अजिबात नको. सुक्या लेंड्या झाडल्या की त्यांची पूड हवेत उडते आणि तीच नाकात जाते, उंदराच्या घाणीत खरा धोका तोच. इन्फेक्शन कंट्रोलमध्ये नोकरी केलीय मी, हे ऐक.

दारं-खिडक्या उघड आणि अर्धा तास सगळे बाहेर थांबा. मग रबरी हातमोजे घालून 1 भाग ब्लीच आणि 9 भाग पाणी, ताजं कालवलेलं (काल-परवाचं उरलेलं चालत नाही), हलक्या हाताने लेंड्यांवर शिंपड, चिंब होऊ दे. जोरात पिचकारी मारलीस तर तेच पुन्हा उडणार. 5 मिनिटं थांब, कागदी टॉवेलने उचल, पिशवीत भरून गाठ मार, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत. मग ती सगळी जागा त्याच पाण्याने पुन्हा पूस. हातमोजे काढायच्या आधी हातात असतानाच धू, नंतर हात साबणाने. पोरीला आज तिकडे न्यायचंच नाही.

—

प्रेषक: भाऊ
शुक्रवार, सायं. 6:20

माईंनी सांगितलंय ते बरोबर पण नुसत्या ब्लीचने काय होतंय, त्यात थोडं टॉयलेट क्लीनर टाक, आम्ही नेहमी टाकतो, एकदम फकफकीत निघतं.

—

प्रेषक: ताई
शुक्रवार, सायं. 6:24

भाऊ!!! कोणी हे करू नका. टॉयलेट क्लीनरमध्ये बहुतेक वेळा ॲसिड असतं, ते ब्लीचमध्ये गेलं की क्लोरीन वायू सुटतो. काच पुसायच्या लिक्विडमध्ये अमोनिया असला तर क्लोरामाइन, तोही विषारी. बंद बाथरूममध्ये माणूस आडवा होईल. ब्लीचमध्ये फक्त पाणी, तेही गार, कारण गरम पाण्यात ब्लीचचा जोर जातो.

—

प्रेषक: भाऊ
शुक्रवार, सायं. 6:31

आम्हाला तर कधी काही झालं नाही. पण ठीक आहे.

—

प्रेषक: अप्पा
शुक्रवार, सायं. 6:52

माईंचं सगळं मान्य, तरी बंडू माझं ऐकशील तर आज रात्री एका फडक्यालाही हात लावू नकोस. तू घर चकचकीत करून ठेवलंस की उद्या एजंट येऊन म्हणणार, कुठाय घाण? आणि घर सोडताना तोच कार्पेटवरचा डाग तुझ्या डिपॉझिटमधून कापणार. आधी पुरावा. मुख्य दारापासून सलग व्हिडिओ, प्रत्येक कपाट आणि ड्रॉवर उघडून, ओव्हनच्या मागे, सिंकच्या खाली, आणि लेंड्यांशेजारी किल्ली किंवा पट्टी ठेवून जवळून फोटो म्हणजे आकार कळतो. मग आजच ईमेल, फोन नाही, फोनवर सगळे गोड बोलतात. ईमेलमध्ये चार गोष्टी, कुठे काय सापडलं, चावी कधी मिळाली, तुला काय करून हवंय (पेस्ट कंट्रोल, भोकं बुजवणं, किचन आणि कार्पेटची साफसफाई), आणि कधीपर्यंत. घरात शिरतानाचा कंडिशन रिपोर्ट दिला असेल तर तपासल्याशिवाय सही नको, सही झाली असेल तर दुरुस्ती म्हणून हे सगळं लेखी पाठव.

आणि रागाच्या भरात 'भाडं देणार नाही' असं लिहू नकोस. घर राहण्यालायक ठेवणं ही मालकाची जबाबदारी बहुतेक ठिकाणी कायद्यात आहे, पण भाडं परस्पर अडवलंस तर बऱ्याच ठिकाणी तूच थकबाकीदार ठरतोस आणि मूळ तक्रार राहते बाजूला. ते पाऊल भाडेकरूंच्या सल्ला केंद्रात विचारूनच.

—

प्रेषक: माई
शुक्रवार, सायं. 6:58

> एका फडक्यालाही हात लावू नकोस

अप्पा, ट्रक उद्या सकाळी येतोय, लेकरू रांगतंय. पुराव्यासाठी घाण सांभाळत बसायची का? अर्ध्या तासात फोटो होतात, मग पुसायला काय हरकत आहे.

—

प्रेषक: अप्पा
शुक्रवार, सायं. 7:10

हरकत अशी की मालकाला स्वतः बघायची संधी दिलीच नाही असं त्याने म्हणायला नको. निदान ईमेल गेल्यावर पूस. आणि मी लेकराच्या विरोधात नाही, गैरसमज नको.

—

प्रेषक: नाना
शुक्रवार, सायं. 7:15

आमच्या पहिल्या घरात उंदीर नव्हते पण झुरळं अशी की रात्री लाइट लावला की भिंत हलायची. मी धुराचे डबे आणले, प्रत्येक खोलीत एक फोडला आणि आम्ही दिवसभर बाहेर. परत येऊन बघतो तर चार-दोन मेलेली, बाकी सगळी शेजाऱ्याकडे पाहुणी. आठवड्यात परत. शेजारी अजून बोलत नाही. सांगायचा मुद्दा, मालकाच्या खर्चाने नीट माणूस बोलाव.

—

प्रेषक: ताई
शुक्रवार, सायं. 7:29

नानांच्या डब्यांवर उत्तर कॅरोलायना स्टेट युनिव्हर्सिटीच्या लोकांनी 2019 मध्ये अभ्यास छापलाय. खऱ्या घरांत हे डबे वापरून पाहिले, झुरळं कमी झाली नाहीत आणि जमिनीवर, ओट्यावर औषध मात्र साचलं. झुरळं असतात फटीत, धूर तिथवर जातच नाही. त्याच अभ्यासात जेल वापरलेल्या घरांत झुरळं खूप कमी झाली. जेलचे बारीक ठिपके बिजागऱ्यांजवळ आणि फटींत लावायचे. जेल लावल्यावर त्यावर स्प्रे मारायचा नाही, मग ती जेल खातच नाहीत.

बंडू, गटाराच्या वासाचं. घर बरेच दिवस बंद होतं का? बाथरूमच्या जाळीखाली, बेसिनखाली वाकड्या पाइपात पाणी साठून राहतं आणि तेच गटाराचा वायू अडवतं. वापर नसला की ते पाणी उडून जातं. प्रत्येक जाळीत तांब्या-दोन तांबे पाणी ओत, वास त्यानेच जाईल बहुतेक. नाही गेला तर पाइप गळतोय किंवा तुंबलाय, मग तेही अप्पांच्या यादीत.

—

प्रेषक: बंडू
शुक्रवार, रात्री 8:47

सगळ्यांचे आभार. फोटो, व्हिडिओ काढले, ईमेल टाकली. पाणी ओतलं, वास खरंच कमी झाला, ताई थँक्यू. एजंटचं लगेच उत्तर, 'आधीच्या भाडेकरूंची काही तक्रार नव्हती, जुनं असेल, नुसतं पुसून घ्या.' लेंड्या काही करड्या आहेत, हात लागला की भुगा होतो, पण ओव्हनमागच्या काळ्या आणि चमकतायत. आणि फ्रिजच्या मागे बारीक काळी पूड पडलीय, ती काय?

मशीनचं काय ठरलं? कार्पेट तसंच ठेवून त्यावर गादी टाकवत नाहीये.

—

प्रेषक: माई
शुक्रवार, रात्री 8:59

करड्या भुगा होणाऱ्या जुन्या. काळ्या, मऊ, चमकणाऱ्या म्हणजे ताज्या, म्हणजे महाराज अजून घरातच आहेत. एक छोटा उंदीर दिवसाला 50-75 लेंड्या टाकतो, तेव्हा 'जुनं असेल' हे एजंटला उद्या ओव्हनमागे उभं करून म्हणायला लाव.

आता नुसतं पुसून उपयोग नाही. क्रम असा, आधी भोकं बुजव, मग सापळे, मग शेवटची साफसफाई. सिंकखाली पाइप भिंतीत शिरतो तिथे बॅटरी मारून बघ. 6 मिलिमीटरची फट छोट्या उंदराला पुरते, पेन्सिल गेली की तो गेला. स्टील वूल ठासून भर आणि वरून सीलंट, नुसता फोम कुरतडतात. सापळे भिंतीला काटकोनात, ज्या बाजूला खाद्य ती भिंतीकडे, कारण तो भिंतीला अंग घासत पळतो. विषाच्या गोळ्या नकोत, पोर तोंडात घालेल आणि उंदीर भिंतीत मरून महिनाभर वास.

ती पूड झुरळांची घाण असणार. त्याचाही फोटो काढ.

—

प्रेषक: नाना
शुक्रवार, रात्री 9:04

बघा, मी झुरळांचं म्हटलं होतं तेव्हा कोणी विचारलं नव्हतं.

—

प्रेषक: सचिव
शुक्रवार, रात्री 9:15

> मशीनचं काय ठरलं?

नियम नियम आहे, पण लहान मूल आहे म्हणून कार्यकारिणीला फोनवर विचारलं. दोघांची ना नाही, एकांनी फोन उचलला नाही. पण उंदराच्या लेंड्यांवर फिरवलेलं मशीन नंतर मंडळाच्या हॉलमध्ये, जिथे मुलं जमिनीवर बसतात, तिथे वापरायचं का, याचं उत्तर मला कोणीतरी द्यावं. मागच्या वेळी टाकी माझ्या गॅरेजमध्ये उघडली तेव्हा तळाशी काळं पाणी, केसांचे गुंते आणि एक मोजा होता. धुतलं कोणी, तर मी.

—

प्रेषक: माई
शुक्रवार, रात्री 9:22

शाम्पूचं मशीन चालतं, पण शेवटी. कार्पेटवरच्या लेंड्याही आधी जंतुनाशकाने भिजवून हाताने उचलायच्या, मगच मशीन. तिथे ब्लीच नको, रंग उडेल, डबीवर कार्पेटला चालतं असं लिहिलेलं जंतुनाशक घे. परत देताना टाकी, पाइप, ब्रश सगळं जंतुनाशकाने धुवायचं. सचिवांची शंका रास्त आहे, पहिल्यांदाच.

—

प्रेषक: अप्पा
शुक्रवार, रात्री 9:40

माझा मशीनलाच विरोध आहे. एक, कार्पेट मालकाचं, साफ करून देणं मालकाचं काम. दुसरं, आपलं मशीन पाणी जितकं सोडतं तितकं ओढत नाही, हे हॉलमध्ये सगळ्यांनी पाहिलंय, पायमोजे ओले झाले होते. कार्पेटखालचा फोम ओला राहिला आणि 24 ते 48 तासांत वाळला नाही की बुरशी. आज रात्री भिजवणार, सकाळी त्यावर खोकी आणि कपाटं ठेवणार, वाळणार कधी? आणि मग बुरशी भाडेकरूने आणली असं लेखी येईल. बंडू, ती खोली बंद कर, दाराखाली टॉवेल लाव. किचन आणि बाकीची फरशी माईंच्या पद्धतीने पूस, सामान एका खोलीत मधोमध रच, भिंतीपासून लांब, आणि दोन रात्री जुन्या घरातच झोपा. चावी रविवारी द्यायचीय ना.

—

प्रेषक: भाऊ
शुक्रवार, रात्री 9:48

अप्पा बुरशी म्हणालात म्हणून विचारतो, आमच्या बेडरूमच्या कोपऱ्यात काळे ठिपके आलेत, मी वरून पांढरा रंग मारला, महिन्यात परत आले. कुठला रंग चांगला?

—

प्रेषक: ताई
शुक्रवार, रात्री 9:55

भाऊ, रंग कुठलाही मारा, मागची ओल गेल्याशिवाय ते येतच राहणार. कपाट भिंतीला चिकटवलंय का? थोडं पुढे ओढा, कपडे आत वाळत घालत असाल तर खिडकी उघडी ठेवा, आणि आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र मिळतं ते ठेवा, 50 टक्क्यांच्या खाली राहिली पाहिजे. भिंत हाताला ओली लागत असेल तर पाइप नाहीतर बाहेरची भिंत, ते मालकाला कळवा.

—

प्रेषक: सचिव
शुक्रवार, रात्री 10:02

भाऊंची बुरशी वेगळ्या मेलमध्ये घ्यावी ही विनंती.

—

प्रेषक: बंडू
शनिवार, दुपारी 1:20

अपडेट. माईंचा 50-75 चा हिशोब आणि ताज्या लेंड्यांचे फोटो मालकाला थेट पाठवले, एजंटला कॉपी. सकाळी मालक स्वतः आला, ओव्हन ओढून दाखवला, काही बोलला नाही, तिथेच उभं राहून पेस्ट कंट्रोलला फोन केला. ते सोमवारी येतायत, भोकंही तेच बुजवणार, कार्पेट साफ करून द्यायचं त्याने ईमेलवर लिहून दिलंय. झुरळांसाठी जेल लावणार म्हणाले. किचन आम्ही काल रात्री पुसलं, ईमेल गेल्यावर, अप्पा. सिंकखाली पाइपाभोवती दोन बोटं जातील एवढी फट निघाली. बायको आणि मुलगी आठवडाभर तिच्या मावशीकडे.

मशीन नको आता. सचिवकाका, त्रासाबद्दल सॉरी.

—

प्रेषक: अप्पा
शनिवार, दुपारी 1:31

उत्तम. सोमवारी ते लोक काय करून गेले त्याची पावती किंवा रिपोर्ट माग, आणि सापळ्यात आठवडाभर काही सापडत नाही तोवर 'काम झालं' असं लिहून देऊ नकोस.

—

प्रेषक: नाना
शनिवार, दुपारी 1:44

बंडूला नको असेल तर मशीन मला हवंय. कार्यकारिणीची परवानगी काल रात्रीच निघालेली आहे, कोणासाठी ते मिनिट्समध्ये लिहिलेलं नाही. चारला येतो.

—

प्रेषक: सचिव
शनिवार, दुपारी 1:50

परवानगी लहान मुलासाठी होती, नाना. चारला मी घरी नाही.