पडीक दगडखाणीत राडारोडा भरण्याचा प्रस्ताव : कोणते परवाने लागतात आणि जागा कशी तपासावी?

प्रश्न : ग्रामपंचायत सदस्य, मिरज पूर्व भाग

नमस्कार. मी मिरज तालुक्याच्या पूर्व भागातील एका गावाचा ग्रामपंचायत सदस्य आहे आणि माझी स्वतःची दोन एकर द्राक्षबाग आहे. आमच्या शिवारात सुमारे पंधरा वर्षांपासून बंद असलेली एक दगडखाण आहे. एका खाजगी ठेकेदाराने या खाणीत ‘केवळ निष्क्रिय कचरा’, म्हणजे पाडलेल्या इमारतींचा व उखडलेल्या रस्त्यांचा राडारोडा, भरण्याचा प्रस्ताव ग्रामपंचायतीकडे दिला आहे. खड्डा बुजला की शाळेला मैदान मिळेल, असे प्रस्तावात म्हटले असून सोबत एका सल्लागाराचा चाळीस पानी अहवाल जोडला आहे. २ ऑक्टोबर २०२५ च्या ग्रामसभेत ना हरकत ठराव व्हावा, अशी ठेकेदाराची विनंती आहे.

मी विरोधासाठी विरोध करत नाही. आज हाच राडारोडा रात्री डंपरने आणून ओढ्याकाठी ओतला जातो, आणि तेही आम्हाला नको आहे. परंतु या खाणीत पावसाळ्यानंतर जानेवारीपर्यंत पाणी असते आणि तिच्यापासून ३०० मीटरच्या आत आमच्या अकरा विहिरी आहेत. अशा भरावाला नेमके कोणते परवाने लागतात, आणि जागा योग्य आहे की नाही हे गावाने कशावरून ठरवावे?

उत्तर १ : पर्यावरण अभियंता, कराड

सर्वप्रथम एक गोष्ट ग्रामसभेत स्पष्ट सांगावी : ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला हा पर्यावरणविषयक परवाना नव्हे. ठराव हातात पडताच डंपर सुरू करणे आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडचा अर्ज मागाहून ‘प्रक्रियेत आहे’ असे सांगत राहणे, हा प्रकार मी अनेक ठिकाणी पाहिला आहे. त्यामुळे ठराव द्यायचाच असेल तर ‘सर्व परवाने प्राप्त होऊन त्यांच्या प्रती ग्रामपंचायतीत जमा झाल्याशिवाय एकही वाहन आत येणार नाही’ ही अट ठरावाच्या मजकुरातच असली पाहिजे.

आता परवान्यांविषयी. बांधकाम व पाडकाम कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ (३१ मार्च २०२६ पर्यंत लागू) हे प्रामुख्याने असा कचरा गोळा करणे, वेगळा करणे आणि त्यावर प्रक्रिया करून तो पुन्हा वापरणे यासाठी आहेत, आणि प्रक्रिया केंद्रासाठी राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्राधिकारपत्र लागते. आपल्याकडील प्रस्तावात प्रक्रिया आहे का, की थेट भराव, हे आधी विचारावे. काँक्रीट फोडून खडी करणे, विटांचा चुरा रस्त्याच्या पायात वापरणे हे शक्य असताना सगळाच माल खड्ड्यात जाणार असेल, तर तो नियमांच्या हेतूलाच धरून नाही. विल्हेवाटीच्या जागेसाठी घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ (३१ मार्च २०२६ पर्यंत लागू) पाहावेत. दिवसाला ५ टनांपेक्षा अधिक कचऱ्याची प्रक्रिया किंवा विल्हेवाट होणार असेल, तर भरावभूमीसह (म्हणजे कचरा पुरण्याच्या जागेसह) अशा सुविधेसाठी मंडळाकडे अर्ज करून प्राधिकारपत्र घ्यावे लागते. याशिवाय जल अधिनियम, १९७४ आणि वायू अधिनियम, १९८१ यांखाली स्थापनेची व नंतर चालवण्याची अशी दोन टप्प्यांतील संमती असते. सांगलीचे उपप्रादेशिक कार्यालय कोल्हापूर प्रादेशिक कार्यालयाखाली येते आणि साताऱ्याचे पुण्याखाली, तेव्हा अर्जाचा माग काढताना योग्य कार्यालयाकडे जावे.

या जागेत पुढे शहराच्या घनकचऱ्यातील उरलासुरला भागही येणार असेल, तर पर्यावरणीय आघात मूल्यांकनाची २००६ ची अधिसूचना लागू होते. तिच्या अनुसूचीत सामायिक नागरी घनकचरा व्यवस्थापन सुविधा ही ‘ब’ प्रवर्गात असून तिला पूर्व पर्यावरण मंजुरी लागते. मिरज पूर्व भागासाठी येथे एक विशेष मुद्दा आहे. या अधिसूचनेच्या सर्वसाधारण अटीनुसार राज्याच्या सीमेपासून ५ किलोमीटरच्या आतील असा प्रकल्प राज्याऐवजी केंद्राच्या पातळीवर तपासला जातो. आपले गाव कर्नाटकच्या हद्दीजवळ असल्यास हे अंतर नकाशावर मोजून ठेवावे.

जमिनीचेही पाहावे. सातबारावर खाण गायरानात दिसत असेल, तर सर्वोच्च न्यायालयाचा गावाच्या सार्वजनिक जमिनींविषयीचा जानेवारी २०११ चा जगपाल सिंग निकाल आणि त्यानंतर महाराष्ट्र शासनाने १२ जुलै २०११ रोजी काढलेला निर्णय हे दोन्ही आड येतात. खाजगी गट असेल तर अकृषिक वापराचा प्रश्न येतो, आणि खाणपट्टा रीतसर बंद झाला होता का, याची नोंद जिल्हा खनिकर्म अधिकाऱ्यांकडे मिळते.

शेवटचे म्हणजे, बांधकाम व पाडकाम कचऱ्याचे नवे नियम ४ एप्रिल २०२५ रोजी अधिसूचित झाले असून ते लागू होण्याची तारीख १ एप्रिल २०२६ आहे. त्यांत २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून अधिक बांधकाम क्षेत्राच्या प्रकल्पांवर कचऱ्याची जबाबदारी टाकलेली आहे. त्यामुळे हा कचरा नेमका कोणाचा, हे ठेकेदाराकडून आत्ताच लेखी घ्यावे.

प्रश्नकर्ता

मनःपूर्वक आभार. गट खाजगी आहे. प्रस्तावात प्रक्रियेचा उल्लेख नाही, थेट भरावच आहे. अहवालात एके ठिकाणी असे आहे : ‘खाणीच्या तळाशी १ मीटर जाडीचा मातीचा थर असून त्याची पार्यता (पाणी झिरपू देण्याची क्षमता) १ गुणिले १० चा उणे ७ वा घात मीटर प्रति सेकंद आहे, सबब जागा मानकानुसार सुरक्षित आहे.’ हे बरोबर आहे का? आणखी एक म्हणजे, भूजलाची पातळी तळाच्या ९ मीटर खाली असल्याचे अहवाल म्हणतो. ते मोजमाप मे महिन्यातील आहे.

उत्तर २ : भूजलशास्त्राचा अभ्यासक, सांगली

आपण उतरवून दिलेले ते एक वाक्य पूर्ण अहवालापेक्षा महत्त्वाचे आहे, म्हणून त्यावर सविस्तर लिहितो.

२०१६ च्या घनकचरा नियमांत भरावभूमीच्या तळाला ९० सेंटीमीटर जाडीचा माती अथवा सुधारित मातीचा थर सांगितला आहे. त्याची पार्यता १ गुणिले १० चा उणे ७ वा घात *सेंटीमीटर* प्रति सेकंद याहून अधिक नसावी आणि त्यावर १.५ मिलिमीटर जाडीचे एचडीपीईचे (दाट प्लास्टिकचे) अस्तर असावे, असा दंडक आहे. अहवालातील आकडा तोच दिसतो, पण एकक *मीटर* आहे. म्हणजे सल्लागाराने सांगितलेली माती आपल्या दंडकापेक्षा शंभरपट अधिक पाणी सोडते. मातीच्या दर मीटर जाडीमागे एक मीटर पाण्याचा दाब धरला, तर दंडकातील मातीतून वर्षाला सुमारे ३ सेंटीमीटर पाणी सरकेल आणि अहवालातील मातीतून सुमारे ३ मीटर.

हा आकडा सल्लागाराने हवेतून आणलेला नसावा. युरोपीय संघाच्या १९९९ च्या भरावभूमी निर्देशात निष्क्रिय कचऱ्याच्या जागेसाठी नेमका हाच निकष आहे : किमान १ मीटर जाडी आणि १० चा उणे ७ वा घात मीटर प्रति सेकंद. परंतु तिथे ही सवलत एका अटीच्या बळावर उभी आहे. कोणता कचरा निष्क्रिय मानायचा हे २००३ च्या निर्णयात ठरवून दिलेले आहे, आणि शंका असलेल्या मालातून सल्फेट, क्लोराइड, जड धातू किती झिरपतात याची प्रयोगशाळेत चाचणी झाल्यावरच तो आत घेतला जातो. आपण तळाचा सैल निकष तेवढा उचलायचा आणि दारावरची कडक तपासणी सोडून द्यायची, हे मला शास्त्रीयदृष्ट्या मान्य होण्यासारखे नाही.

शिवाय, दगडखाणीच्या तळाशी १ मीटर माती मुळात आली कोठून? खाण म्हणजे माती आणि मुरूम काढून उघडा केलेला काळा पाषाण. तळाशी साचलेला गाळ आणि क्रशरची धूळ म्हणजे अस्तर नव्हे. बाहेरून काळी माती आणून पसरणार असतील, तर ती ओली असताना पाणी अडवते, पण उन्हाळ्यात तिला भेगा पडतात हे शेतकऱ्याला सांगायला नको. ती योग्य ओलाव्यावर थराथराने दाबून ताबडतोब झाकली, तरच तिचा उपयोग आहे.

तळाइतकेच खाणीच्या उभ्या भिंतींकडेही पाहावे. आपल्याकडचा बेसाल्ट लाव्हाच्या थरांवर थर बसून तयार झालेला आहे. अखंड काळ्या पाषाणातून पाणी सहसा जात नाही. ते जाते सांध्यांतून, मांजऱ्या (बारीक पोकळ्यांच्या) खडकातून आणि दोन थरांच्या मधून, जिथे पुष्कळदा गेरूसारखा तांबडा पट्टा दिसतो. पावसाळा संपता संपता, म्हणजे आत्ताच, खाणीत उतरून भिंतीवर कोठे पाझर लागला आहे, तांबडा पट्टा कोणत्या उंचीवर आहे आणि तोच पट्टा आपल्या विहिरींत किती खोलीवर आढळतो, हे पाहून ठेवा. दोन्हीकडे तोच पट्टा पाझरत असेल, तर खाण आणि विहीर यांचे पाणी एकच आहे असे धरूनच पुढचा विचार करावा लागेल.

आता पातळीविषयी. नियमांनुसार भूजलाची *सर्वोच्च* पातळी मातीच्या थराच्या तळापासून किमान २ मीटर खाली असली पाहिजे. मे महिन्यातील मोजमाप सर्वात खालची पातळी दाखवते. आपल्या भागात तर केवळ सप्टेंबर-ऑक्टोबर पाहूनही भागत नाही, कारण म्हैसाळ उपसा सिंचन योजनेचे आवर्तन सुटले की कालव्याच्या पाण्याने ऐन उन्हाळ्यातही विहिरी चढतात. ज्या खाणीत जानेवारीपर्यंत पाणी उभे असते, तिच्या तळाखाली ९ मीटरवर भूजल आहे हे विधान, ते पाणी तळावर अडकून राहिलेले आहे असे सिद्ध केल्याशिवाय, टिकणार नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे परिसरातील निरीक्षण विहिरींच्या जुन्या नोंदी असतात, त्या मागवाव्यात.

अंतरांचे निकष थोडक्यात : नदीपासून १०० मीटर, तळ्यापासून २०० मीटर, आणि महामार्ग, वस्ती व पाणीपुरवठ्याच्या विहिरींपासूनही २०० मीटर. गेल्या १०० वर्षांच्या नोंदीतील पूरक्षेत्रात भरावभूमीला परवानगीच नाही. २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलेले पाहिल्यानंतर सांगलीत कोणाला हे समजावावे लागत नाही, पण आपण कृष्णेपासून लांब असलात तरी गावच्या ओढ्याचा पूर कुठवर येतो तेही जाणत्या माणसांकडून लिहून घ्या. नियमातील विहिरींचा उल्लेख पाणीपुरवठ्याच्या विहिरींचा आहे. माझ्या मते ज्या पाण्यावर बाग आणि जनावरे जगतात, ती विहीर त्याच अंतराची हक्कदार आहे, आणि तसा आग्रह ग्रामसभेने धरावा.

उत्तर ३ : ग्रामस्थ, सातारा तालुका

वरील दोन्ही उत्तरे वाचली. आमच्या गावाजवळ काय झाले ते कळवणे माझे कर्तव्य समजतो.

आमच्याकडेही एका जुन्या खड्ड्यात ‘फक्त विटा-माती’ टाकण्याचे ठरले होते. पहिल्या वर्षी खरोखरच विटा, काँक्रीट आणि फरशीचे तुकडे आले, आणि आम्ही निश्चिंत झालो. दुसऱ्या वर्षी दुकानांच्या तोडफोडीचा माल येऊ लागला : प्लास्टर ऑफ पॅरिसचे छत, थर्मोकोल, रंगाचे डबे, सिमेंटचे जुने पत्रे. वजनकाटा नव्हता, नोंदवही नव्हती, आणि रात्रीच्या गाड्या कोणी मोजत नव्हते. त्या पावसाळ्यात कुजलेल्या अंड्यांसारखा वास सुटला तेव्हा आम्हाला वाटले, कोणी मेलेले जनावर टाकले असेल. पुढे एका जाणकाराने सांगितले की प्लास्टर ऑफ पॅरिस हे जिप्सम आहे, आणि ते हवा नसलेल्या ओल्या भरावात दडपले गेले की जिवाणू त्यातील सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड वायू तयार करतात. माझ्या वडिलांच्या विहिरीचे पाणी आम्ही आजही पिण्यासाठी वापरत नाही. ते पाणी भरावानेच बिघडले हे आम्ही सिद्ध करू शकलो नाही, कारण आधीच्या पाण्याची एकही चाचणी आमच्यापाशी नव्हती. याचे मला फार वाईट वाटते.

म्हणून कळकळीची विनंती आहे : एकही गाडी आत येण्यापूर्वी प्रत्येक विहिरीचे पाणी तपासून घ्या. जिप्सम, सिमेंटचे जुने पत्रे, लाकूड, रंगाचे डबे आणि कारखान्यांची वापरलेली वाळू यांना नावानिशी मनाई लिहून घ्या. ‘निष्क्रिय’ हा एक शब्द पुरत नाही, कारण डंपर ओतला की तो शब्द कोणी तपासत नाही.

उत्तर १ चे लेखक, पुन्हा

सातारच्या ग्रामस्थांचा मुद्दा मी अधिक ठामपणे मांडतो. नियमांनुसार भरावभूमीला कुंपण, येणाऱ्या वाहनांवर लक्ष ठेवता येईल असे प्रवेशद्वार आणि वजनकाटा असणे आवश्यक आहे. जागा सुरू करण्यापूर्वी परिसरातील भूजलाच्या गुणवत्तेची मूळ नोंद घेऊन ती जतन करावी लागते, आणि हद्दीपासून ५० मीटरच्या आतील भूजल उन्हाळा, पावसाळा व पावसाळ्यानंतर असे वेगवेगळ्या ऋतूंत तपासावे लागते. म्हणजे आपण ठेकेदाराकडे जादा काही मागत नाही. कारखान्यांच्या वाळूचा उल्लेख योग्य आहे. आपल्या पट्ट्यात फाउंड्री, म्हणजे धातूच्या ओतकामाचे कारखाने आहेत आणि फिनॉलयुक्त राळेने बांधलेली वापरलेली वाळू चाचणीशिवाय निष्क्रिय म्हणता येत नाही.

मैदानाच्या आश्वासनाविषयी : भराव बंद झाल्यावर ६० सेंटीमीटर मातीचा अडथळा, त्यावर १५ सेंटीमीटर निचऱ्याचा थर आणि त्यावर ४५ सेंटीमीटर झाडोऱ्यासाठी माती असे आच्छादन करावे लागते, आणि त्यानंतरही किमान १५ वर्षे देखरेख ठेवावी लागते. हा खर्च कोण करणार, हे करारात नसेल तर मैदानाचा शब्द बाजूला ठेवावा.

प्रश्नकर्ता

सर्वांचा ऋणी आहे. ग्रामसभेत ठराव न करता विषय पुढे ढकलण्याची सूचना मी मांडणार आहे. तोपर्यंत आम्ही अकरा विहिरींची पातळी मोजून पाण्याचे नमुने देणार आहोत. फळछाटणीच्या गडबडीत हे उरकावे लागेल, म्हणून विचारतो : चाचणीत काय काय घ्यावे? आमच्या भागातील पाणी मुळातच क्षारयुक्त आहे.

उत्तर २ चे लेखक, पुन्हा

पाणी मुळातच क्षारयुक्त आहे म्हणूनच ही नोंद अधिक गरजेची, अन्यथा उद्या ‘तुमचे पाणी आधीपासून असेच होते’ हे उत्तर तयार असेल. सामू (पीएच), एकूण विरघळलेले क्षार, कठीणपणा, क्लोराइड, सल्फेट, नायट्रेट, रासायनिक ऑक्सिजन मागणी, फिनॉल, आणि शिसे व क्रोमियमसह जड धातू इतके घ्यावे. काँक्रीटमधून झिरपणाऱ्या पाण्याचा सामू वाढलेला असतो, तेव्हा त्या आकड्याकडे लक्ष ठेवा. नमुने मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतच द्या आणि बाटलीवर गट क्रमांक, तारीख व वेळ लिहा. खाणीत साचलेल्या पाण्याचा बारावा नमुना विसरू नका.

पातळी मोजताना प्रत्येक विहिरीच्या कठड्यावर रंगाने एक कायमची खूण करा आणि दर वेळी तिथूनच फीत सोडा. मोटार बंद करून किमान रात्रभर थांबा आणि सकाळी मोजा. एकदा आत्ता, एकदा जानेवारीत खाण आटते तेव्हा, आणि एकदा म्हैसाळचे आवर्तन सुरू झाल्यावर आठवड्याभराने. खाणीतील पाण्याची उंचीही त्याच दिवशी, त्याच वेळी घ्या.