मागांच्या जाळ्यात कोण महत्त्वाचा, हे मोजायचं कसं?

प्रश्न
सोलापुरात अशोक चौकाकडे आमचे चादरीचे आठ माग आहेत. एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी मी या धंद्याचा नकाशा केलाय. सूत व्यापारी, डाईंगवाले, डिझायनर, जकार्डची कार्डं (मागावर नक्षी ठरवणारे भोकांचे पुठ्ठे) पाडणारे काका, कारखानदार, दुकानदार असे 42 जण, आणि माल किंवा काम कुणाकडून कुणाकडे जातं त्याचे बाण. जोडण्या मोजल्या तर एक सूत व्यापारी पहिला, 19. काका 11 वर, पाचवे.

हे मला पटत नाही. गेल्या पावसाळ्यात त्या व्यापाऱ्याचं गोदाम आठवडाभर बंद होतं, तर वडिलांनी दुसरीकडून सूत उचललं. काका मात्र मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तीन आठवडे घरी होते आणि सगळ्यांची नवी नक्षी अडली. पुठ्ठ्यावर एक भोक चुकलं की मोराच्या मानेतली तीच चूक प्रत्येक चादरीवर उमटते, म्हणून वडील दुसऱ्या कुणाला काम देईनात. हे आकड्यात कसं आणू?

उत्तर
ताई, तुम्हाला बिट्वीननेस हवा. लिंटन फ्रीमन यांनी 1977 मध्ये मांडलेलं माप आहे: प्रत्येक दोघांमधले सगळ्यात जवळचे रस्ते घ्यायचे, त्यांतला किती वाटा एका बिंदूतून, म्हणजे नकाशातल्या एका माणसातून, जातो ते काढायचं आणि सगळ्या जोड्यांची बेरीज करायची. आपलं होटगी बघा. सोलापूर, अक्कलकोट, विजयपूर, दिशा तीनच. पण जिल्ह्यापुरत्या रेल्वे नकाशात यांतल्या कुठल्याही दोन दिशा जोडायच्या तर होटगी लागतंच.

उत्तर
पेजरँकच्या, म्हणजे गूगलने वेबपानांचं महत्त्व ठरवायला वापरलेल्या मापाच्या, मोहात पडू नका. बाण जिकडे जातात तिकडे त्याचं वजन साचतं, म्हणजे तुमच्या नकाशात दुकानदाराकडे. आणि एकाला दुसरा पर्याय आहे का, हे त्याला कळत नाही. 42 च जण आहेत ना? एकेकाला काढून बघा, कुणाचं काय अडतं ते.

प्रश्नकर्ती
दादा, रात्री बसून सगळं केलं. बिट्वीननेसमध्ये काका पहिले. व्यापारी शून्यावर, कारण त्याच्यामागची सूतगिरणी मी धरलीच नव्हती. पेजरँक बाण उलटे करून लावला, तर वजन पुन्हा त्याच व्यापाऱ्याकडे गेलं. पण त्याला काढलं तर एकही कारखाना सुतावाचून राहत नाही, बाकी दोघे आहेत. काकांना काढलं की 9 कारखान्यांची नक्षी तुटते.

एक मात्र मनात नव्हतं. एका डाईंगवाल्याला काढलं तर 6 कारखान्यांचं रंगीत सूत थांबतं. कोरं सूत कारखान्यात थेट जातं, म्हणून बिट्वीननेसला तो दिसलाच नाही. वडील म्हणाले, तिथे रंगाची शेड जुळवणारा एकच माणूस आहे. त्याचा वेगळा बिंदू धरायला हवा, आज त्यालाच भेटायला जातेय.