कोंड्यासाठी धोत्र्याच्या पानांचं तेल लावू की नको?

मंडळी, मदत हवी आहे. थंडी सुरू झाली की मला कोंडा होतोच पण यंदा जरा अतीच झालाय, काळा कुर्ता घालायची सोय नाही, आणि कपाळाच्या कडेला, कानामागे पिवळट चिकट पापुद्रे सुटतात, खाज तर विचारूच नका. स्किनच्या डॉक्टरांनी सेबोरिक डर्मटायटिस (तेलकट जागी होणारा त्वचेचा दाह) सांगून २ टक्के किटोकोनाझोलचा, म्हणजे बुरशीनाशक औषधाचा, शाम्पू दिला, आठवड्यातून दोनदा, फेस ५ मिनिटं ठेवून धुवायचा. फरक पडतो, पण बंद केला की ये रे माझ्या मागल्या.

सासूबाई म्हणतात शाम्पूनेच डोकं कोरडं पडतं, रात्री तेल चोपडून झोप. त्यांनी माका आणि कडुनिंबाचा पाला खोबरेलात कढवून ठेवलाय (वास असा की नवरा उशी घेऊन हॉलमध्ये पळतो). त्यात शेजारच्या मल्याळी काकूंनी गावाहून दुर्धूरपत्रादि तेल आणून दिलं, बाटली वाचली तर त्यात धोत्र्याच्या पानांचा रस! शंकराला वाहतो तोच. घरात रांगतं बाळ आहे, ते सारखं माझे केस ओढून तोंडात घालतं, त्यामुळे माझी टरकलीय.

डॉक्टर तर म्हणतात तेल बंदच करा, कोंडा वाढवणारी मॅलॅसेझिया बुरशी डोक्यावरच्या तेलावरच जगते. मग आयुर्वेदात दारुणकावर (कोंड्याला तिथे हेच नाव देतात) तेलं का सांगितलीत? न्हाण्याआधी तासभर लावून शाम्पूने काढलं तर चालेल का? लिंबू-दही सुचवू नका प्लीज, आग आग झाली होती.

प्रतिसाद:
अगं, बाळ लहान आहे तोवर धोत्र्याचं तेल नकोच. त्यातलं अ‍ॅट्रोपिन, स्कोपोलामिन पोटात गेलं तर विषबाधा होते, बाटलीही हाताशी ठेवू नकोस. आणि दारुणकाचं सुश्रुतातलं वर्णन रुक्ष, कडक, खाजणाऱ्या, फुटणाऱ्या त्वचेचं आहे, तुझे पापुद्रे चिकट, त्यामुळे नुसत्या नावावरून तेल उचलू नकोस, वैद्यांना डोकं दाखव. घरचं तेल लावायचंच तर पापुद्रे मऊ करण्यापुरतं न्हाण्याआधी, रात्रभर अजिबात नाही. शाम्पू एकदम सोडू नकोस, कोंडा आटोक्यात आला की आठवड्या-पंधरवड्यातून एकदा चालू ठेवतात, तुझ्या डॉक्टरांना विचारून घे. अंगावर पाजत असशील तर तेही त्यांना सांग.