टचपॅडवर दोन बोटांनी पान सरकत नाही, नवा कर्नल (लिनक्सचा गाभा) टाकू का?

खाडाखोड: नमस्कार. जुन्या लॅपटॉपचा मदरबोर्ड गेला, म्हणून त्यातली डिस्क काढून दुसऱ्या, जरा नव्या लॅपटॉपमध्ये बसवली. लिनक्स निमूटपणे सुरू झालं. वाय-फाय, आवाज, सगळं जागच्या जागी. घोडं अडलंय ते टचपॅडवर. बाण फिरतो, बटणं चालतात, पण दोन बोटांनी पान सरकत नाही आणि टॅप केलं तर क्लिक होत नाही. ग्नोम या माझ्या डेस्कटॉपच्या सेटिंग्जमध्ये दोन्ही पर्याय चालू आहेत. बंद करून पुन्हा चालू केले, तरी ढिम्म. माझं काम मुद्रितशोधनाचं, दिवसभर पानं वरखाली करायची. नुसत्या कळा बडवून वैताग आलाय.

शिवाय लॅपटॉप झोपवून उठवला की मधूनमधून बाण गोठतो, मग रीस्टार्टच करावा लागतो. सेशन एक्स-ऑर्गचं, म्हणजे पडद्यावरच्या खिडक्या सांभाळणाऱ्या जुन्या यंत्रणेचं आहे, कारण एक्समॉडमॅप या आज्ञेने कळा बदललेला माझा कळफलक तिच्या जागी आलेल्या वेलँडमध्ये चालत नाही.

रात्रपाळी: टाकाच नवा कर्नल. नाहीतर यूएसबी माउस लावा नि मोकळे व्हा.

सातवा बिट: थांबा, आत्ताच कर्नलला हात लावू नका. त्याला दुसरं बोट दिसतंय का ते आधी पाहू. कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून काळ्या कन्सोलवर जा. सुडो (प्रशासकाचे अधिकार) लावून इव्हटेस्ट चालवा, कर्नलला काय दिसतंय ते ही आज्ञा दाखवते; यादीतला टचपॅड निवडा आणि दोन बोटं टेकवा. 'बीटीएन_टूल_डबलटॅप' (दोन बोटं टेकली) अशी ओळ आली तर कर्नल निर्दोष, गडबड वरच्या थरात. यादीत टचपॅडच नसेल, नुसता 'जेनेरिक व्हील माउस' असेल, तर कर्नल त्याला जुन्या पद्धतीचा साधा पीएस/२ माउस समजतोय. मग दोन बोटं कुठून दिसणार?

आणि हो, टचपॅडच्या उजव्या कडेवरून एकच बोट खाली घासून बघा. पान सरकतं का?

खाडाखोड: डबलटॅपची ओळ आली. नाव 'सिन-पीएस/२ सिनॅप्टिक्स टचपॅड' असं दिसतंय. आणि कडेवरून बोट घासलं तर पान चक्क सरकलं! हे कसं ओळखलंत?

सातवा बिट: कडेने सरकणं ही सिनॅप्टिक्स नावाच्या जुन्या ड्रायव्हरची (टचपॅड चालवणाऱ्या प्रोग्रामची) खूण. आता टचपॅड लिबइनपुट हा नवा ड्रायव्हर सांभाळतो, वेलँडमध्ये तर दुसरा पर्यायच नाही. पण एक्स-ऑर्गमध्ये जुनं पॅकेज उरलं असेल तर टचपॅड तेच बळकावतं. लिबइनपुटची सेटिंगची फाइल ४० क्रमांकाची, सिनॅप्टिक्सची ७०, आणि नंतर वाचलेली फाइल वरचढ ठरते. ग्नोमने सिनॅप्टिक्सची साथ केव्हाच सोडली, म्हणून तुमची सेटिंग्ज त्याच्यापर्यंत पोचतच नाहीत. एक्स-ऑर्गच्या लॉगमध्ये 'यूझिंग इनपुट ड्रायव्हर' शोधा, पुढे नाव असेल. मग ईटीसीतल्या एक्स-११ फोल्डरमध्ये एक्स-ऑर्ग-डॉट-कॉन्फ-डॉट-डी उघडून बघा.

खाडाखोड: काय सांगू! तिथे माझीच फाइल बसलीय. वर टीप माझ्याच हातची: 'तळहात लागतो, टॅप बंद'. आठ वर्षांपूर्वीची असेल. खाली टॅपबटन१ शून्य, दोन बोटांचं स्क्रोल बंद, कडेचं चालू. त्या लॅपटॉपला कायम माउस असायचा, म्हणून साफ विसरलो होतो. फाइल बाजूला ठेवली, सिनॅप्टिक्सचं पॅकेज काढलं, लॉगआउट करून परत आलो. दोन्ही बोटं चालू! दुसऱ्यांच्या चुका शोधून पोट भरणारा माणूस मी, आणि स्वतःची ओळ वाचायला तुम्ही लागलात.

गोठण्याचं मात्र अजून तसंच आहे.

सातवा बिट: ते दुखणं वेगळं. गोठला की रीस्टार्ट नको. 'सुडो मॉडप्रोब -आर पीएसमाउस', मग 'सुडो मॉडप्रोब पीएसमाउस', म्हणजे कर्नलमधला टचपॅडचा भाग काढून पुन्हा घालायचा. डीमेसेजमध्ये (कर्नलच्या नोंदींत) टचपॅड 'डिफरंट बस', म्हणजे जोडणीची वेगळी वाट, वापरू शकतो अशी ओळ आहे का? असेल तर त्या वाटेने जोडायला बूटच्या ओळीत (सुरू होताना कर्नलला दिल्या जाणाऱ्या सूचनांत) 'पीएसमाउस.सिनॅप्टिक्स_इंटरटच=१' घालून बघा. काही मशीनवर याने उलटच बिघडतं, तेव्हा आधी ग्रबमध्ये (मशीन सुरू होतानाच्या मेनूत) एका बूटपुरतंच घाला.

रात्रपाळी: माझा कर्नलचा सल्ला मागे घेतो. यूएसबी माउसचा नाही.

खाडाखोड: ती ओळ होती. एका बूटपुरतं १ करून पाहिलं, ठीक वाटलं म्हणून कायमचं केलं. चार दिवसांत वीसेक वेळा झोपवून उठवला, एकदाही गोठला नाही. तळहात अजून लागतोच, पण लिबइनपुट 'टाइप करताना टचपॅड बंद' हे आपणहून करतो, तेवढं पुरतंय.